विश्लेषण : मेकॅनिकल मॉडचा ‘अपग्रेड’ बॅटरीला का झेपत नाही?

मे २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, सेंट पीटर्सबर्ग शहरात एका घराला आग लागली. आत एका माणसाचा मृतदेह सापडला.  शवविच्छेदनात मृत्यूचे कारण समोर आले. त्याचे व्हेपिंगचे उपकरण फुटले होते आणि त्याचे तुकडे डोक्यात घुसले होते. ई-सिगारेटच्या स्फोटामुळे झालेला अमेरिकेतील हा पहिला ज्ञात मृत्यू. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१९ मध्ये, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे उपकरण तोंडाजवळ फुटून मानेची रक्तवाहिनी तुटल्याने आणखी एका तरुणाचा जीव गेला.

अशा अपघातांची चर्चा सुरू झाली की ‘मेकॅनिकल मॉड’ हा शब्द हमखास येतो. हे उपकरण आहे तरी काय, हौशी मंडळी त्यात ‘अपग्रेड’ म्हणजे नेमके काय करतात, आणि देखभालीतील एवढीशी चूक जिवावर का बेतते, हे समजून घेऊ.

मेकॅनिकल मॉड म्हणजे काय?

ई-सिगारेटची मूळ कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६०च्या दशकातच धूरविरहित सिगारेटचे पेटंट घेतले होते. पण बाजारात चाललेले आजचे रूप चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांच्या २००३च्या आसपासच्या कामातून आले. सुरुवातीची उपकरणे सिगारेटच्याच आकाराची होती. त्यांची बॅटरी लवकर संपायची, वाफ कमी यायची. मग हौशी लोकांनी टॉर्चच्या नळ्या, बाजारात मिळणारी बटणे आणि मोठे सेल जोडून स्वतःची उपकरणे बनवायला सुरुवात केली. ‘मॉडिफाय’ केलेले म्हणून ‘मॉड’.

यातून पुढे दोन जाती झाल्या. एक ‘रेग्युलेटेड’ मॉड. त्यात इलेक्ट्रॉनिक चिप असते. कॉइलचा रोध किती आहे, सेल किती भरला आहे, कुठे शॉर्ट आहे का, हे ती तपासते. बटण चुकून दाबले गेले तर काही सेकंदांत प्रवाह तोडते. सेल ठरावीक पातळीखाली गेला की उपकरण बंद करते.

दुसरी जात मेकॅनिकल. यात चिप नाही, वायर नाही, फ्यूज नाही. तांब्याची, पितळेची किंवा स्टीलची एक नळी, तळाला दाबायचे बटण, आत एक सेल आणि डोक्यावर ॲटमायझर, म्हणजे कॉइल व कापूस असलेला भाग. बटण दाबले की परिपथ पूर्ण होतो, कॉइल तापते, कापसातील द्रवाची वाफ होते. घरातली टॉर्च अगदी अशीच चालते. फक्त बल्बच्या जागी तापणारी तार असते. नळीची भिंत हीच परतीची वायर. त्यामुळे बिघडण्यासारखे भाग थोडे, आणि उपकरण पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असे दणकट. चाहत्यांना हेच आवडते. मात्र साधेपणाची किंमत अशी, की चिप करत असलेला प्रत्येक हिशोब इथे माणसाला करावा लागतो.

आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घालणारे लोक असतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, काम झाले असे वाटते. फ्यूज मात्र ज्यासाठी होता ते काम संपलेले असते. मेकॅनिकल मॉड म्हणजे मुळातच फ्यूज नसलेला परिपथ. त्यात ‘अपग्रेड’ करणे म्हणजे बहुतेक वेळा त्या परिपथातून आणखी प्रवाह ओढणे.

अपग्रेड म्हणजे नेमके काय बदलतात?

सर्वांत लोकप्रिय बदल कॉइलचा. कँथल (लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम यांचे मिश्रधातू), निक्रोम किंवा स्टेनलेस स्टीलची तार हाताने गुंडाळून कॉइल बनवतात. तार जाड घेतली किंवा वेढे कमी केले की रोध कमी होतो. एकाऐवजी दोन सारख्या कॉइल समांतर जोडल्या की रोध निम्मा होतो. रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, उष्णता वाढते आणि वाफेचा ढग मोठा होतो. मोठ्या ढगांच्या स्पर्धाही अमेरिका, फिलिपिन्ससारख्या देशांत भरत आल्या आहेत. एक ओहमच्या खालच्या कॉइलला ‘सब-ओहम’ म्हणतात.

इथे शाळेत शिकलेला ओहमचा नियम कामाला येतो : व्होल्टेज भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज ४.२ असते. मेकॅनिकल मॉडमध्ये ते बदलता येत नाही, त्यामुळे सगळा खेळ रोधावर.

कॉइल ०.४ ओहमची असेल तर १०.५ अँपिअर. ०.२ ओहमची असेल तर २१ अँपिअर. ०.१ ओहमची असेल तर ४२ अँपिअर.

तुलनेसाठी, आपल्या घरात गिझर किंवा एसीसाठी जो मोठा पॉइंट असतो तो १६ अँपिअरचा. तिथे व्होल्टेज खूप जास्त असल्याने एकूण शक्तीची तुलना होत नाही. पण तार आणि जोड तापवण्याचे काम अँपिअर करतात. बोटाएवढ्या सेलमधून गिझरच्या पॉइंटपेक्षा जास्त अँपिअर ओढले जात आहेत, हे लक्षात घेतले की प्रश्नाचे गांभीर्य कळते.

सेलच्या आत काय होते?

उष्णता फक्त कॉइलमध्ये तयार होते असे नाही. सेललाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो. चांगल्या सेलमध्ये तो ०.०२ ओहमच्या आसपास धरता येईल. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशोबाने १०.५ अँपिअरला सेलच्या पोटात सुमारे २.२ वॅट उष्णता तयार होते, २१ अँपिअरला ८.८ वॅट आणि ४२ अँपिअरला ३५ वॅट. अंतर्गत रोध धरला तर प्रत्यक्षातील आकडे थोडे कमी येतात. पण कल लक्षात घ्यायचा. प्रवाह दुप्पट केला की सेलमधील उष्णता चौपट होते. कॉइलच्या रोधातील ०.१ ओहमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, सेलसाठी तो किरकोळ नसतो.

सेलच्या आत धातूच्या पातळ पट्ट्या, त्यावरचे लेप आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ पडदा असे सगळे गुंडाळी करून भरलेले असते. भोवती ज्वलनशील द्रव. तापमान फार वाढले की तो पडदा वितळतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आतच शॉर्ट होतो आणि त्याची उष्णता शेजारच्या थराला पेटवते. एकदा ही साखळी सुरू झाली की बटण सोडूनही थांबत नाही. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

सेल फुगून वायू बाहेर पडावा म्हणून धन टोकाच्या टोपीत सोय केलेली असते. मोकळ्या जागेत हा वायू फुसफुसत बाहेर पडतो. पण सेल बंद नळीत असेल तर? अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१४च्या अहवालात नेमका हाच मुद्दा मांडला होता. गोल नळीचा सर्वांत कमकुवत भाग तिची टोके असतात. दाब वाढला की टोक उडते आणि उपकरण किंवा सेल अग्निबाणासारखा सुटतो. म्हणूनच चांगल्या मॉडच्या नळीला वायू बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. दिसायला बरे वाटावे म्हणून ती झाकणे किंवा मळ साचून बुजू देणे ही साधी वाटणारी, पण गंभीर चूक आहे.

याच प्रशासनाच्या २०१७च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळात अमेरिकी माध्यमांत आलेल्या १९५ घटनांची नोंद आहे. त्यांत १३३ जण जखमी झाले, पैकी ३८ गंभीर. ६१ घटना खिशात ठेवलेल्या उपकरणाच्या किंवा सुट्या सेलच्या होत्या. म्हणजे उपकरण वापरात नसतानाही धोका संपत नाही. यात सर्व प्रकारच्या ई-सिगारेट आहेत, फक्त मेकॅनिकल नव्हे.

सेलवर छापलेला आकडा खरा असतो का?

मेकॅनिकल मॉडमध्ये बहुतेकदा ‘१८६५०’ सेल वापरतात. हा मॉडेल क्रमांक नाही, माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, शेवटचे शून्य गोल आकारासाठी. २१७०० हा त्याचा थोरला भाऊ. लॅपटॉप, पॉवर बँक, एलईडी टॉर्च, ई-बाइकचे पॅक यांत हेच सेल असतात. त्यामुळे व्हेपिंगशी काही संबंध नसलेल्या वाचकालाही पुढची माहिती उपयोगी पडेल.

सेलवर दोन आकडे पाहायचे असतात. एमएएच म्हणजे टाकीत किती पाणी आहे. अँपिअर म्हणजे नळातून एका वेळी किती सोडता येते. सहसा एक वाढवले की दुसरे घटते. उदाहरणार्थ, सॅमसंगचा ‘२५आर’ हा सेल २५०० एमएएचचा, पण सलग २० अँपिअर देणारा. लॅपटॉपसाठी बनलेल्या जास्त क्षमतेच्या अनेक सेलची मर्यादा मात्र ५ ते १० अँपिअरचीच असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल ०.२ ओहमच्या कॉइलला जोडला, तर त्याच्या मर्यादेच्या दुप्पट ते चौपट प्रवाह ओढला जातो.

त्यात नकली मालाची भर. ऑनलाइन बाजारात ‘९९०० एमएएच’ असे छापलेले १८६५० सेल सर्रास दिसतात. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता जेमतेम ३५०० ते ४००० एमएएचपर्यंत जाते. जिथे एमएएच खोटा, तिथे अँपिअरचा आकडा खरा असेल असे मानायला जागा नाही. अनेक विक्रेते ‘पल्स’ म्हणजे काही क्षणांपुरता झेपणारा आकडा ठळक छापतात. हिशोब सलग प्रवाहाच्या आकड्यावर करायचा असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने तर जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका आणि वापरू नका, असा इशारा दिला. हे सेल मोठ्या पॅकमध्ये संरक्षक सर्किटसह बसवण्यासाठी बनतात, हातात देण्यासाठी नाहीत, हे त्यामागचे कारण.

देखभाल कुठे चुकते?

पहिली जागा : सेलचे वेष्टन. सेलचा जवळजवळ संपूर्ण धातूचा डबा ऋण असतो. धन फक्त वरची टोपी. दोघांमध्ये असते ती कागदी चकती आणि प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन. मॉडची नळी हीदेखील परिपथाचा भाग. टोपीजवळ वेष्टन नखभर जरी फाटले तरी शॉर्ट होऊ शकतो, आणि तेव्हा मध्ये कॉइल नसल्यामुळे प्रवाह शंभर अँपिअरच्याही पुढे जातो. नवे वेष्टन चढवायला काही रुपये आणि दोन मिनिटे लागतात. डबाच चेपलेला असेल तर मात्र सेल बाद.

दुसरी जागा : ‘हायब्रिड’ टोपी. वीजगळती कमी व्हावी म्हणून काही मॉडमध्ये मधली पिन काढून ॲटमायझर थेट सेलवर टेकवतात. ॲटमायझरची मधली पिन धन, तिच्याभोवतीचे आटे ऋण. पिन आट्यांपेक्षा स्पष्टपणे बाहेर आलेली नसेल तर ऋण आटेच सेलच्या धन टोपीला टेकतात. बटण दाबताच थेट शॉर्ट. ॲटमायझर बदलणे हा सगळ्यात सोपा अपग्रेड समजला जातो. एका मॉडवर वर्षभर नीट चाललेला ॲटमायझर दुसऱ्यावर धोकादायक ठरू शकतो, तो यामुळे.

तिसरी जागा : आटे आणि संपर्काची टोके. तांबे आणि पितळ हवेत काळवंडतात, त्यावर गळलेल्या द्रवाचा चिकट थर बसतो. हा थर म्हणजे जादाचा रोध. ०.२ ओहमच्या परिपथात केवळ ०.०२ ओहमची भर पडली तरी ०.४ व्होल्टच्या आसपास घट होते आणि वाफ कमी वाटते. इथे वापरणारा फसतो. ‘मॉड मंद झाला’ म्हणून तो आणखी कमी रोधाची कॉइल बसवतो. पुढे कधीतरी नळी घासूनपुसून लख्ख करतो आणि अडलेला प्रवाह अचानक पूर्ण जोराने सेलमधून ओढला जातो. क्रम उलटा हवा : आधी सफाई, मग मोजमाप, मग कॉइलचा विचार. सफाई सेल बाहेर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि सगळे भाग पूर्ण वाळवून.

चौथी जागा : बटण. स्प्रिंग किंवा चुंबक कमजोर झाला की बटण अडकून राहते आणि चिप नसल्यामुळे प्रवाह तोडणारे कोणी नसते. बटणाभोवतीची विद्युतरोधक चकती झिजली तर ते न दाबताही परिपथ पूर्ण होतो. बटण किंवा नळी हाताला गरम लागली तर तो इशारा समजायचा आणि सेल लगेच बाहेर काढायचा. लॉकची सोय असली तरी बॅगेत टाकताना सेल काढणे हाच पक्का उपाय.

पाचवी गोष्ट म्हणजे दोन सेल एकावर एक ठेवणे. या एकसर जोडणीत व्होल्टेज ८.४ होते, पण दोन्ही सेलमधून तोच प्रवाह जातो. ०.२ ओहमची कॉइल आता २१ नव्हे, ४२ अँपिअर मागते. त्यात एक सेल नवा आणि एक जुना असेल तर जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलट दिशेने ढकलत राहतो. असे होऊ नये म्हणून जोडीतील सेल एकाच वेळी घेतलेले, एकत्रच भरलेले आणि एकत्रच वापरलेले असावे लागतात.

मोजमाप कसे करतात?

डोळ्यांनी किंवा वेढे मोजून रोध कळत नाही. त्यासाठी शतांश ओहम दाखवणारा मीटर लागतो. साधा मल्टिमीटर इतक्या कमी रोधाला विश्वासार्ह नसतो, कारण त्याच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. कॉइल बसवल्यावर, स्क्रू आवळल्यावर आणि काही दिवस वापरल्यावर पुन्हा मोजावे लागते, कारण सैल स्क्रूने आकडा बदलतो. हिशोब नेहमी ४.२ व्होल्टवर धरायचा, सेलवर छापलेल्या ३.७ वर नव्हे. आणि येणारी विद्युतधारा सेलच्या सलग मर्यादेच्या बरीच खाली हवी. सेल जुना होत जातो तसा अंतर्गत रोध वाढतो आणि नव्या सेलसाठी केलेला हिशोब त्याला लागू राहत नाही.

सेल फुसफुसू लागला, तापू लागला किंवा विचित्र गोड वास आला, तर तो हातात धरून पाहू नये. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर टाकून माणसांनी लांब व्हावे. भाजल्यास डॉक्टरांना ‘लिथियम बॅटरीने भाजले’ असे आवर्जून सांगावे; ही जखम फक्त उष्णतेची नसते, रसायनांचीही असते.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी घातली गेली. व्याख्या व्यापक आहे : पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारे कोणतेही विद्युत उपकरण, निकोटीन असो वा नसो, आकार कोणताही असो. पूर्ण उपकरणच नव्हे, त्याचे भागही यात येतात. म्हणजे ‘मी फक्त नळी मागवली’ किंवा ‘माझ्या द्रवात निकोटीनच नाही’ हा बचाव टिकत नाही. विक्री, आयात वगैरेंसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केवळ ओढण्यासाठी वेगळे शिक्षेचे कलम कायद्यात नाही. पण परदेशातून येताना बॅगेत आणणे ही आयातच.

परदेशी जाणाऱ्यांनीही सावध असावे. ब्रिटनमध्ये ही उपकरणे नियम पाळून कायदेशीर विकली जातात, तर सिंगापूरमध्ये २०१८ पासून नुसते जवळ बाळगणेही गुन्हा आहे. सुटे सेल विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत; ते टोके झाकून हातातल्या बॅगेत ठेवावे लागतात.

या सगळ्यात वाफेचा शरीरावरील परिणाम हा विषय वेगळाच राहतो. निकोटीनचे व्यसन तर लागतेच. शिवाय २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपिंगशी निगडित फुप्फुसांच्या आजाराने ६८ जणांचा मृत्यू झाला. त्याचा संबंध प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. उपकरण कितीही नीट राखले तरी हा धोका कमी होत नाही.

आपण यातून काय घ्यायचे?

मेकॅनिकल मॉड न पाहिलेल्या घरातही आज १८६५० सेल असतो. टॉर्चमध्ये, मुलाच्या प्रोजेक्टमध्ये, घरी जुळवलेल्या पॉवर बँकेत. नियम तेच : सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात नको, प्लॅस्टिकच्या डबीत हवा. फाटके वेष्टन लगेच बदलावे. जुना सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा केंद्रात द्यावा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आणि घरातील कॉलेजकुमार ‘नुसती एक स्टीलची नळी आहे’ म्हणून काही दाखवत असेल, तर ओरडण्याआधी त्याला एवढेच विचारावे : यात सेल कोणता, कॉइल किती ओहमची आणि दोन्हींचा भागाकार किती येतो? उत्तर देता आले नाही, तर ती नळी त्याच्या हातात असता कामा नये. देता आले, तर वर सांगितलेला कायदाही त्याला दाखवावा.